दुरून गावाबद्दल लिहिताना

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. बातमी जगभर गेली ती लातूर, किल्लारी या नावांनी. पण सास्तूर? ते आपल्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. परदेशात असलेल्या तिथल्या माणसाला त्या बातमीत आपलं गाव सापडणार कसं?

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूमकडे पूर आला, तेव्हा व्हिडिओ लगेच परदेशी पोचले. आता अडचण उलटी आहे: माहिती भरपूर, पण कुठली, कधीची, ते कळत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, दुरून लिहिताना तीन गोष्टी लिहायच्याच: गाव-तालुका, वेळ, आणि सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं.

आणि कारणही लिहायचं. १९९३ला माणसं गेली ती नुसत्या हादऱ्याने नव्हे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचं ओझं झोपेतच अंगावर आलं. हळहळ दोन दिवस टिकते. कारण कळलं, तर आपण पाठवलेल्या पैशांतून गावाकडे उभं राहणारं घर तरी नीट बांधलं जाईल.