उभा खांब की तीन पाय?

नाणी आणि कॅमेरा : लेखांक ४

मागच्या आठवड्यात आपण मॅक्रो लेन्स निवडली. आता कॅमेरा नाण्यावर धरायचा कशानं? घरात ट्रायपॉड असतोच, मग वेगळा खर्च कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण ट्रायपॉड असतो समोर पाहण्यासाठी. नाण्यासाठी कॅमेऱ्याला सरळ खाली पाहावं लागतं, आणि तिथंच त्याची पंचाईत होते.

कॅमेरा खाली वळवला की ट्रायपॉडचे पाय चौकटीत येतात, नाहीतर दिव्याच्या वाटेत. मधला दांडा आडवा होत असेल तर पाय बाजूला राहतात, पण सगळा भार एकीकडे लटकतो. दुसऱ्या टोकाला वजन बांधलं, तरी दांड्याची थरथर लवकर थांबत नाही. त्यात बॉलहेड असेल तर स्क्रू आवळून हात काढल्यावर जड लेन्स किंचित खाली ढळते.

हे ‘किंचित’ किती महागात पडतं, ते पाहू. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया साधारण ३०.५ मिमी व्यासाचा. फुलफ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी. रुपया चौकटभर घेतला, तर एफ/८ला जेमतेम दीड मिलिमीटर खोली स्पष्ट मिळते. कॅमेरा तीन अंश कलला, की रुपयाची एक कड दुसरीपेक्षा १.६ मिमी लांब जाते. मिळालेली सगळी खोली त्या कलण्यातच संपते. छिद्र आणखी लहान करावं, तर विवर्तनामुळे बारीक रेषा मऊ पडतात.

म्हणून कॉपी स्टँड घ्यावा. खाली जड पाट, त्यावर उभा खांब आणि खांबावर वरखाली सरकणारा हात, एवढीच त्याची रचना. घेताना कॅमेरा लावूनच पाहा. हाताचं टोक बोटानं दाबा. लगेच स्थिर झालं तर ठीक, झुलत राहिलं तर सोडून द्या. हात मुठीनं फिरवून सरकणारा असावा, कारण एवढ्या जवळून फोकस साधायला लेन्सची रिंग फिरवण्यापेक्षा कॅमेराच केसभर वरखाली करणं सोपं जातं. १०० मिमीच्या मॅक्रो लेन्सला ५०-६० सेंमी खांब पुरतो.

पैसे वाचवायचे असतील तर जुना एन्लार्जर शोधा. डार्करूम बंद झालेल्या स्टुडिओत तो धूळ खात पडलेला असतो. वरचं डोकं काढून तिथं कॅमेऱ्याचा स्क्रू बसवला की काम झालं. मात्र काही एन्लार्जरचा खांब तिरका असतो. त्यावर उंची बदलली की नाणं चौकटीतून सरकतं.

स्टँड आणल्यावर पाटावर छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून पाहा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आलं, तर कॅमेरा पाटाला समांतर आहे. बाजूला सरकलं असेल तर तितका कल काढा. या कामात हा आरसा पाणसळीपेक्षा भरवशाचा.

शिवराईच्या बाबतीत मात्र एवढ्यावर भागत नाही. यंत्रावर पाडलेल्या रुपयाच्या दोन्ही बाजू समांतर असतात. हातानं पाडलेल्या जाड तांब्याच्या शिवराईच्या असतीलच असं नाही. ‘श्री राजा शिव’ ही बाजू वर ठेवली की तिचा एक काठ उंच राहतो. नाणं उलटून ‘छत्र पति’ वर आणलं की कल दुसरीकडे जातो. अशा वेळी कॅमेऱ्याला हात लावू नका. नाण्याच्या खालच्या काठाशी कागदाच्या बारीक घड्या सरकवून नाणंच सपाटीला आणा.

खांबावर मोजपट्टी नसेल तर चिकटवून घ्या. एकदा फोकसची रिंग आणि खांबावरचा आकडा ठरवला, की दोन्ही बाजू आणि संग्रहातली त्या आकाराची सगळी नाणी एकाच मापात येतात. शिवराईचा ठसा पुष्कळदा नाण्यापेक्षा मोठा असल्यानं एका नाण्यावर अर्धं अक्षर उमटतं, दुसऱ्यावर उरलेलं. दोन फोटो एकाच मापाचे असतील, तरच ते एकमेकांवर ठेवून दोन्ही नाणी एकाच ठशाची आहेत का, हे तपासता येतं. ट्रायपॉड दर वेळी नव्यानं मांडून हे साधणं कठीण. संग्राहकानं कॉपी स्टँडवर पैसे घालायचे ते यासाठी.

शेवटी दोन सवयी लावून घ्या : स्टँडवर लेन्सचं स्थिरीकरण बंद ठेवा आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर सोडा.

पुढच्या आठवड्यात : दिवा कुठं ठेवायचा, आणि झिजलेली अक्षरं तिरक्या उजेडात कशी वाचायची.