संप्रेरकांचा उपचार आणि थायरॉइडची गोळी

पाळी जाण्याच्या वयात कित्येक स्त्रियांच्या अंगातून एकाएकी उष्णतेच्या लाटा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप मोडते. ‘वय झाले, सोसायचे’ हे आपल्या घरांतले ठरीव उत्तर. वस्तुतः अंडाशयांतून स्रवणारे इस्ट्रोजन आटल्यामुळे हे होते, आणि ते बाहेरून देता येते. ह्या उपचाराची मोठी धास्ती बसली ती २००२ साली, अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ ह्या पाहणीमुळे. तीत १६,६०८ स्त्रिया होत्या. पण त्यांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट गलबल्यात मागेच राहिली. पाळी जाऊन दहा वर्षे झाली नाहीत अशा, साठीच्या आतल्या निरोगी स्त्रीला लाभ बहुधा धोक्याहून अधिक, असे आज मानतात.

परंतु जी आधीच थायरॉइडची गोळी घेते तिचे काय?

थायरॉइड ही गळ्याच्या पुढल्या बाजूची ग्रंथी. थायरॉक्सिन हा तिचा स्राव. रक्तात तो जवळजवळ सगळा प्रथिनांना चिकटून हिंडतो. सुटा असतो तो शंभरातला एक भागही नव्हे, आणि काम करतो तो एवढा सुटा अंशच! आता इस्ट्रोजन पोटात घेतले की ते आतड्यातून प्रथम यकृतात जाते, आणि यकृत ही प्रथिने अधिक तयार करू लागते. गावात टांगे वाढले की पायी चालणारे कमी व्हावेत, तसे सुटे थायरॉक्सिन घटते. धडधाकट ग्रंथी थोडा जास्त स्राव सोडून भरपाई करते; ग्रंथी निकामी झालेल्या बाईला, जी रोज मोजून गोळी घेते, ती भरपाई कोठून व्हावी? तिला थकवा येतो, थंडी वाजते, आणि ती दोष देते वयाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा काही स्त्रियांची मात्रा वाढवावी लागली. म्हणून उपचार सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी रक्तातील टीएसएच तपासावे. उपचार थांबवला तरीही तपासावे. नाहीतर वाढवलेली मात्रा जास्त होऊन छाती धडधडते, हाडे विरळ होतात.

त्वचेवरची पट्टी किंवा जेल ह्यांतून इस्ट्रोजन सरळ रक्तात उतरते, यकृताला वळसा पडतो. मग ही उलथापालथ फारशी होत नाही. रक्त गोठण्याचा धोकाही गोळीने वाढतो तसा पट्टीच्या नेहमीच्या मात्रेने वाढलेला आढळत नाही.

शरीराची संरक्षक शक्ती स्वतःवरच उलटते त्या रोगांत भीती अधिक वाटते. जपानी शल्यवैद्य हाशिमोटो ह्यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला थायरॉइडदाह हा त्यांतलाच. तो असला म्हणून हा उपचार वर्ज्य ठरत नाही. ल्यूपसची गोष्ट निराळी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, रोग शांत वा स्थिर असलेल्या ३५१ स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. तीव्र उचल लक्षणीय वाढली नाही. सौम्य मात्र काहीशी वाढली. गोम अशी की, रक्ताची गुठळी होऊन गेलेल्या वा गुठळीस पोषक प्रतिपिंडे रक्तात बरीच असलेल्या स्त्रिया त्यात घेतल्याच नव्हत्या. तो दिलासा त्यांनी आपल्याला लावून घेऊ नये.

गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतेच. आणि हाडांसाठी कॅल्शियम किंवा रक्तासाठी लोह चालू असेल, तर ते सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्यावे. कित्येकदा बिघाड संप्रेरकांचा नसतो. दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर गेलेल्या असतात.