परक्या मुलखात इथिओपियाची तार

मायदेशात ज्यांना 'अझमारी' म्हणून हिणवले गेले, त्याच वादकांना लंडन-न्यूयॉर्कचे रसिक डोक्यावर घेतात. या कौतुकातून त्यांच्या पदरात काय पडते आणि कोणती गोष्ट वाटेतच हरवते?

रंगमंचावर पांढऱ्या सुती कपड्यांतला एक माणूस येतो. हातात पतंगाच्या आकाराची, कातड्याने मढवलेली छोटी पेटी. तिला लांब दांडी आणि त्या दांडीवर एकच तार, तीही घोड्याच्या केसांची. धनुष्यासारखा वाकलेला गज तो तारेवर फिरवतो आणि माणसाच्या गळ्यातून यावा तसा सूर निघतो. हे वाद्य म्हणजे मासिंको. शेजारी दुसरा वादक पाच-सहा तारांची क्रार छेडू लागतो. मागून केबेरो नावाचा ढोल ठेका धरतो. मग नर्तक पुढे येतात आणि नुसत्या खांद्यांनी नाचू लागतात. या नाचाला 'एस्किस्ता' म्हणतात. पाय फारसे जागचे हलत नाहीत, पण खांदे, मान आणि छाती अशी थरथरते की पाहणाऱ्याचेही खांदे नकळत हलू लागतात.

गेल्या काही दशकांत इथिओपियाच्या अशा तंतुवादकांच्या मेळ्यांनी युरोप-अमेरिकेतले महोत्सव गाजवले आहेत. हे यश वाटते तितके साधे नाही. इथिओपिया म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर आजही १९८४-८५ चा भीषण दुष्काळ उभा राहतो. १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे 'लाइव्ह एड' हा प्रचंड संगीतसोहळा झाला, तो याच दुष्काळग्रस्तांसाठी. जगाने त्या देशासाठी गाणी गायली, पण त्या देशाचे गाणे मात्र फारसे कोणी ऐकले नाही. ते ऐकवण्याचे काम या तारांनी केले.

देवाचे वाद्य, सैतानाचे वाद्य

इथिओपियात तंतुवाद्यांचीही उतरंड आहे. सर्वांत वरचा मान बेगेनाचा. दहा तारांचे हे उंच वाद्य भजन-प्रार्थनेसाठी, विशेषतः ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या काळात वाजवले जाते. राजा डेव्हिडची वीणा ती हीच, अशी तिथली श्रद्धा आहे. तार आणि घोडी यांच्यामध्ये कातड्याचे छोटे तुकडे बसवलेले असतात. त्यामुळे सुराला एक गुंजन येते. आपल्या तानपुऱ्यात घोडीवर दोरा सारून जवारी काढतात, त्याचीच ही दूरची बहीण म्हणायला हरकत नाही.

क्रारचे रूप बेगेनासारखेच, पण लहान. तिच्यावर प्रेमगीते वाजतात, मद्यालयात ती रंगते. म्हणून बेगेना देवाची आणि क्रार सैतानाची, अशी विभागणी लोकांनी करून टाकली. मासिंको वाजवणारा तो अझमारी. गावोगाव फिरायचे, लग्नात, बाजारात, मद्यालयात गायचे, समोरच्याची स्तुती करता करता त्याला चिमटाही काढायचा, हा त्याचा पेशा. आपल्याकडचे शाहीर किंवा तमाशातला सोंगाड्या आठवला तर कल्पना येईल. त्याचे गाणे सर्वांना हवे असते, पण त्याला सोयरा करून घ्यायला कोणी तयार नसते. 'अझमारी' हा शब्द तिथे कित्येकदा शिवीसारखाच वापरला गेला.

या गायकांची जीभ राज्यकर्त्यांनाही बोचली. इटलीच्या ताब्यातील काळात, १९३७ मध्ये, गावोगाव फिरणाऱ्या गायकांविरुद्ध आणि भविष्य सांगणाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडली गेली, कारण त्यांच्या तोंडून बंडाच्या बातम्या पसरत होत्या.

दरबारी प्रतिष्ठा लाभली ती पितळी वाद्यांना. पुढे सम्राट हैले सेलासी झालेल्या रास ताफारी यांनी १९२४ मध्ये जेरुसलेमला चाळीस आर्मेनियन अनाथ मुलांचा बँड ऐकला आणि त्या मुलांना थेट अदिस अबाबाला आणले. त्यातून तिथल्या सरकारी बँडची परंपरा सुरू झाली. क्रार आणि मासिंको मात्र मद्यालयातच राहिल्या.

ब्लू नाइलचा दौरा

हे चित्र बदलण्याचा एक मोठा प्रयत्न १९६३ मध्ये झाला. इजिप्तमध्ये जन्मलेले संगीतकार हलीम एल-दाभ यांनी अदिस अबाबात 'ऑर्केस्ट्रा इथिओपिया' उभा केला. तोवर प्रत्येक जमातीचे वादक आपापल्यातच वाजवत. इथे प्रथमच निरनिराळ्या प्रांतांतले, निरनिराळ्या भाषा बोलणारे वादक आणि नर्तक एका मंचावर बसले. पुढे तेस्फाये लेम्मा यांनी या वाद्यवृंदाची धुरा सांभाळली.

याच सुमारास चार्ल्स सटन हा अमेरिकन तरुण 'पीस कोअर' या स्वयंसेवक योजनेतून इथिओपियात आला. वाद्यवृंदातले गेतामेसाय अबेबे यांच्याकडे बसून तो मासिंको शिकला आणि त्यांच्याबरोबर वाजवूही लागला. त्याच्याच खटपटीने १९६९ मध्ये वाद्यवृंदातले मोजके कलाकार 'ब्लू नाइल ग्रुप' या नावाने अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. एड सलिव्हन यांच्या ज्या दूरदर्शन कार्यक्रमाने १९६४ मध्ये बीटल्सना अमेरिकेच्या घराघरांत पोहोचवले होते, त्याच कार्यक्रमात इथिओपियाचा हा मेळाही झळकला. ज्यांना गावात पारावर बसवायचेही लोकांच्या जिवावर यायचे, ते साऱ्या अमेरिकेच्या दिवाणखान्यात पोहोचले!

पण हे सुख फार टिकले नाही. १९७४ मध्ये सम्राटांची सत्ता उलथली आणि 'देर्ग' या लष्करी राजवटीने देश ताब्यात घेतला. वर्षानुवर्षे रात्रीची संचारबंदी राहिली. जिथे रात्रच बंद, तिथे रात्रीचे गाणे कसे चालणार? ऑर्केस्ट्रा इथिओपिया विसकटला. तेस्फाये लेम्मांनी अखेर अमेरिकेची वाट धरली.

त्या काळात परदेश दौरा म्हणजे नुसता कार्यक्रम नसे, तो जन्माचा निर्णयही ठरे. १९८१ मध्ये 'वालियास' हा अदिस अबाबाचा नावाजलेला आधुनिक बँड अमेरिकेला गेला. दौरा संपला तेव्हा काही वादक मायदेशी परतलेच नाहीत. त्यांच्यापैकी हैलू मेर्गिया वॉशिंग्टनला विमानतळावर टॅक्सी चालवू लागले. गाडीच्या डिकीत एक कीबोर्ड ठेवलेला असे. पुढचे भाडे मिळेपर्यंत ते मागच्या सीटवर बसून रियाज करत. तब्बल तीन दशकांनी, २०१३ मध्ये, त्यांची १९८५ सालची एक कॅसेट नव्याने प्रकाशित झाली आणि टॅक्सीवाल्या मेर्गियांना पुन्हा जगभरच्या मैफलींची बोलावणी येऊ लागली. इतके नशीब किती जणांच्या वाट्याला येणार?

काउंटरखालची झोप

१९९१ मध्ये देर्गची राजवट कोसळली. अदिस अबाबातील 'अझमारी बेत' म्हणजे अझमारींची गाणेघरे पुन्हा गजबजली. कझांचिस या भागातले 'फेंडिका' हे त्यांतलेच एक. तिथे मेलाकू बेलाय नावाचा अनाथ, रस्त्यावर वाढलेला मुलगा बक्षिसीच्या आशेने नाचायचा आणि रात्री तिथेच काउंटरखाली झोपायचा. अशी अनेक वर्षे गेली. २००८ मध्ये त्याच मेलाकूने ती जागा चालवायला घेतली. त्याने भिंतींवर चित्रे लावली, नव्या-जुन्या संगीताला दार उघडले आणि क्रार, मासिंको, केबेरो व नर्तक यांचा मेळा घेऊन तो युरोप-अमेरिकेत हिंडला. पुढे फ्रान्स सरकारनेही त्याला मानाचा किताब देऊन गौरवले.

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या तेमेस्गेन झेलेके यांनी वेगळी वाट शोधली. त्यांच्या 'क्रार कलेक्टिव्ह'ने क्रारला विजेची जोड दिली. त्यांची क्रार रॉक संगीतातल्या गिटारसारखी गर्जते. २०१२ मध्ये त्यांचा 'इथिओपिया सुपर क्रार' हा अल्बम निघाला आणि तरुण श्रोते उभे राहून नाचू लागले. सैतानाचे म्हणून नाक मुरडले गेलेले वाद्य असे महोत्सवांचे लाडके झाले.

श्रोत्यांचे कान तयार होण्यामागे आणखी दोन कारणे होती. फ्रान्सिस फाल्सेतो यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून 'इथिओपिक्स' या मालिकेत जुनी ध्वनिमुद्रणे पुन्हा बाजारात आणली. तसेच २००५ च्या 'ब्रोकन फ्लॉवर्स' या चित्रपटात मुलातू अस्तातके यांचे संगीत वापरले गेले आणि इथिओपियाचे स्वर नव्या पिढीच्या कानी पडले.

मेण आणि सोने

मात्र परदेशी श्रोत्याला या गाण्याचा अर्धाच भाग मिळतो. अझमारीची खरी करामत शब्दांत असते. अम्हारिक काव्यात 'मेण आणि सोने' नावाची एक रीत आहे. सोनार मेणाचा नमुना करतो, त्याभोवती माती लिंपतो, मेण वितळवून काढतो आणि त्या पोकळीत सोने ओततो. तसाच ओळीचा वरवरचा अर्थ म्हणजे मेण आणि आत दडलेला अर्थ म्हणजे सोने. अझमारी समोरच्या पाहुण्याकडे पाहून तिथल्या तिथे अशी दुहेरी ओळ रचतो. ज्याला सोने सापडते तो खो खो हसतो, खिशातून नोट काढतो आणि गायकाच्या कपाळावर चिकटवतो. आपल्या तमाशातली दौलतजादाच जणू!

युरोपातल्या सभागृहात हे कसे व्हावे? श्रोता अंधारात शिस्तीत बसलेला, गायक उजेडात. भाषा कळत नाही, म्हणून चिमटाही कळत नाही. ठेका, सूर आणि खांद्यांचा नाच यांवर सारी भिस्त.

स्थलांतरित इथिओपियन बांधवांपुढे कार्यक्रम असला की दृश्य पालटते. वॉशिंग्टनच्या परिसरात त्यांची मोठी वस्ती आहे. तिथे गायकाने 'तिझिता' सुरू केली की गलका थांबतो. तिझिता म्हणजे आठवण, हुरहूर. हे एका गीतप्रकाराचे नाव आणि एका स्वररचनेचेही. विशेष म्हणजे तिझितेच्या एका प्रकारात सा, रे, ग, प, ध हे आपल्या भूपाचेच पाच स्वर येतात, तर 'अंबासेल' या रचनेचे स्वर आपल्या गुणक्रीशी जुळतात. चलन अर्थातच वेगळे, पण मराठी कानाला हे गाणे पहिल्यांदा ऐकतानाही फारसे परके वाटत नाही ते यामुळेच. तसे पाहिले तर हे नातेही जुने. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याच भूमीत जन्मला होता.

या कार्यक्रमांत आणखी एक गोष्ट घडते. एकाच रात्री अम्हारा, ओरोमो, तिग्रे, गुरागे अशा निरनिराळ्या लोकांची गाणी एकापाठोपाठ होतात. २०२० ते २०२२ या काळात तिग्रेमधील युद्धाने देशात आणि परदेशस्थ इथिओपियनांतही मने दुभंगली. अशा वेळी सर्वांचे ठेके एकाच ढोलावर वाजवणे ही साधी करमणूक राहत नाही. १९६३ मध्ये सुरू झालेल्या त्या जुन्या प्रयोगाचेच ते पुढचे पाऊल ठरते.

तार टिकेल, जागा?

परदेशच्या टाळ्यांनी मायदेशी मान वाढवला, हे खरे. पण टाळ्यांनी घर वाचतेच असे नाही. अदिस अबाबाच्या पुनर्विकासात २०२४ मध्ये कझांचिसवर हातोडा पडला आणि फेंडिकाची जुनी जागा गेली. ज्या काउंटरखाली एक पोरगा झोपत होता आणि ज्याच्यापुढे पुढे परदेशी पाहुण्यांची गर्दी होऊ लागली, ते ठिकाण आता फक्त आठवणीत उरले.

कलावंत दुसरी जागा शोधतील, मेळे पुन्हा दौऱ्यावर निघतील. मासिंकोला लागते तरी काय? चार फळ्या, थोडे कातडे आणि घोड्याचे केस. पण अझमारीला समोर हातभर अंतरावर बसलेला, आपली भाषा कळणारा आणि चिमटा काढल्यावर हसणारा माणूसही लागतो. तो माणूस विमानाने बरोबर नेता येत नाही. तो घरीच जपावा लागतो.