पंखा ओरडतोय? आधी कान द्या!

मे महिन्यातली दुपार. फुलचूरच्या आमच्या घरात कूलर घरघरतोय, अन् त्याच्याही वरताण आवाज माझ्या कॉम्प्युटरचा! गेम लोड झाला की टेबलाखाली जणू राईस मिल सुरू. आजीने एकदा विचारलंच, "काय रे, घरातच धान भरडतोस का?" दुकानदाराने निदान केलं, "फॅन गेला, नवीन ग्राफिक्स कार्ड घे." बाबांकडे एवढे पैसे मागायची हिंमत नव्हती, म्हणून स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं.

मित्रांनो, हा आजार जुना आहे. २००३ साली आलेल्या एनव्हिडियाच्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाला लोक हेअर ड्रायर म्हणायचे. शेवटी कंपनीनेच स्वतःची थट्टा करणारा व्हिडिओ काढला!

पहिलं काम म्हणजे आवाज ओळखणं. कॅबिनेटचं झाकण काढा, गेम चालू ठेवा आणि ऐका. (हात मात्र आत घालू नका.)

१) घूंऽऽ असा वाऱ्याचा आवाज : पंखा चांगला आहे, कार्ड तापलंय.
२) खरखर किंवा टकटक : बेअरिंग झिजलंय, नाहीतर एखादी वायर पात्याला लागतेय.
३) बारीक चींऽऽ : हा पंखा नव्हेच. कार्डावरच्या कॉइल्स कंप पावतात. फ्रेम रेटवर मर्यादा घाला, बहुतेक वेळा कमी होतो.

माझा आवाज पहिल्या प्रकारचा निघाला. कारण सोपं आहे. कूलिंग कार्डाला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही, फक्त ठरावीक अंशांच्या फरकावर रोखून धरतं. खोली २५ अंश असताना कार्ड ६५ वर राहत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत तेवढ्याच लोडला ते ८० च्या आसपास जाणार. मग पंखा जिवाच्या आकांताने पळणार. त्यात आपल्या भागातली धूळ आणि धानाचा कोंडा हीट सिंकच्या पट्ट्यांत अडकला की वारा जाणार कुठून?

उपाय : वॉरंटी संपली असेल तरच कार्ड उघडा. प्लग काढा, धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, कार्ड अंगणात नेऊन ब्लोअर मारा. पण पाती बोटाने धरून! नाहीतर पंखा भन्नाट फिरून बेअरिंगच खराब होतं. जुनी थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला.

माझ्या कार्डातून चक्क नमद्यासारखा थर निघाला. त्यानंतर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचा वेग थोडा उतरवला. वेग २० टक्के कमी केला तर वाराही तेवढाच कमी होतो, आवाज मात्र सुमारे ५ डेसिबलने उतरतो. हा सौदा फायद्याचा, फक्त तापमानावर नजर हवी.

खरखर असेल तर खोबरेल तेल घालू नका बुवा! आपल्याकडच्या थंडीत ते गोठतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काही दिवस निभावून नेतो. खरा उपाय म्हणजे स्टिकरवरचा मॉडेल नंबर पाहून तेवढा पंखाच बदलणे.

आता आजी विचारते, "बंद पडला का रे तुझा कॉम्प्युटर?" कार्ड तेच आहे, खर्च फक्त थर्मल पेस्टच्या ट्यूबचा!