गोळी घेतल्यावरच ताप का येतो? हत्तीरोगाचा कृमी आणि आपली जन्मजात प्रतिकारशक्ती

वडसा, म्हणजे देसाईगंज, आणि वैनगंगेपलीकडचं ब्रह्मपुरी. या धानाच्या पट्ट्यात हत्तीपाय पुस्तकात शोधावा लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हे हत्तीरोगाचे जुनेच जिल्हे. सामूहिक औषधोपचार मोहीम आली की आशाताई घरी येतात आणि डीईसी व अल्बेंडाझोलच्या गोळ्या समोरच घ्यायला सांगतात. मग एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मी धडधाकट होतो, गोळीनंच ताप आला." पुढच्या वेळी ते अख्खं घर गोळीला नाही म्हणतं. हे वाक्य आज आपण इम्युनॉलॉजीचा प्रश्न म्हणून घेऊ.

आपल्याकडचा कृमी म्हणजे वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय. तो क्युलेक्स डासातून येतो. प्रौढ मादी 8 ते 10 सेंटीमीटर लांब असते, लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहते आणि तिची पिल्लं, म्हणजे मायक्रोफिलारिया, रक्तात सोडते. ही पिल्लं हातापायांच्या रक्तात रात्री उतरतात, म्हणून रक्तनमुने रात्री 10 ते 2 च्या दरम्यान घेतात.

आता मापं बघा. मायक्रोफिलारिया साधारण 250 ते 300 मायक्रोमीटरची, न्यूट्रोफिल 12 ते 15 चा. बारावीच्या पुस्तकातलं 'पेशी जंतूला गिळते' हे चित्र इथं चालतच नाही. न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल फार तर तिला चिकटतात, घेरतात आणि आपली विषारी द्रव्यं तिच्यावर ओततात. पण गंमत अशी, की रक्तात भरपूर मायक्रोफिलारिया असूनही कित्येकांना काहीच त्रास नसतो. जिवंत कृमी आपल्या स्रावांनी प्रतिकाराला शांत ठेवतो. दीर्घ संसर्गात आयएल-10 सारखे दाह दाबणारे संदेशही वाढलेले दिसतात. धडधाकट वाटणं आणि संसर्ग नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग गोळीनंतर काय होतं? या कृमीच्या पेशींच्या आत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. कृमी जिवंत असेपर्यंत ते बरेचसे झाकलेले. तो मेला की त्यांचे तुकडे रक्तात सांडतात. आपल्या जन्मजात प्रतिकारशक्तीचे टॉल-लाईक रिसेप्टर जिवाणूंचे असे तुकडे लगेच ओळखतात. मॅक्रोफेज टीएनएफ आणि आयएल-6 सोडतात, मेंदूतला तापमानाचा काटा वर सरकतो, अंग तापतं.

या शोधातली दुरुस्ती मला सगळ्यात आवडते. 2000 साली आलेल्या पेपरात दाहाचं कारण म्हणून 'लिपोपॉलिसॅकराइडसारखा' परिणाम सांगितला होता. 2005 साली ब्रुगिया मलायी या भाऊबंद कृमीतल्या वोल्बाकियाचा जीनोम वाचला गेला, आणि त्यात ते रसायन बनवायला लागणारे जीन्सच सापडले नाहीत! पुढं लक्ष लिपोप्रोटीन आणि टीएलआर-2 कडे वळलं. पहिल्या पेपरातला 'सारखा' हा शब्द किती कामाचा होता बघा.

डीईसी 1947 पासून वापरात आहे, तरी एक कोडं बरीच वर्षं होतं. शरीरात मायक्रोफिलारिया काही तासांत कमी होतात. काचेच्या बशीत मात्र तेवढ्याच औषधात त्या बहुतेक वळवळत राहतात. 2005 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की नायट्रिक ऑक्साइड बनवणारं आयनॉस हे एन्झाइम नसेल तर हे औषध काम करत नाही. म्हणजे मारण्याच्या कामात आपल्या शरीराचा मोठा वाटा आहे.

त्यामुळे ज्याच्या रक्तात मायक्रोफिलारिया जास्त, त्याला तापाची शक्यताही जास्त. हा ताप बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत येतो आणि लवकर ओसरतो. गोळी देतानाच हे सांगितलं तर नकार कमी होतील, असं मला वाटतं. पण गडचिरोली मलेरियाचाही जिल्हा आहे. ताप रेंगाळला किंवा जोराचा असला तर 'गोळीचाच असेल' म्हणून बसू नका, रक्त तपासून घ्या.

आफ्रिकेत जिथं नदीकाठचं अंधत्व आणणारा ऑन्कोसर्का आहे, तिथं डीईसी सामूहिक मोहिमेत देत नाहीत. तिथं पिल्लं त्वचेत आणि डोळ्यांत असतात, आणि ती एकदम मेली तर होणारा दाह दृष्टीवर बेतू शकतो.

पेपर वाचताना आधी कृमीची जात बघा. वुचेरेरिया साध्या उंदरात वाढत नाही, म्हणून प्रयोगशाळेतलं बरंचसं काम ब्रुगियावरचं आहे.