जनुकांवरचे पहारेकरी आणि रिश्त्याआधीची रक्ततपासणी

आमच्या वर्गातली एक मुलगी दर तीन आठवड्यांनी एक दिवस शाळेत येत नाही. त्या दिवशी पहाटे मुरुमहून निघायचे, सोलापूर गाठायचे, रक्त चढवून घ्यायचे आणि रात्री परत. तिला थॅलेसेमिया मेजर आहे. मागच्या महिन्यात तिची अम्मी शाळेत आली होती. म्हणाली, "सर, जन्मली तेव्हा गुटगुटीत होती हो. पाच-सहा महिने काहीच नव्हते. मग हिचे रक्त गेले कुठे? कुणाची नजर लागली का?"

नजर नव्हे, एवढे आम्ही सांगितले. पण 'पाच-सहा महिने काहीच नव्हते' याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. आम्ही उर्दू-मराठीचे शिक्षक. शेवटी आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांपुढे बसलो, पुस्तके मागून घेतली, आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा सुमारे २ मीटर लांबीचा धागा असतो, ४६ तुकड्यांत. हीच गुणसूत्रे. एवढा धागा डोळ्याला न दिसणाऱ्या पेशीकेंद्रात मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर रिळासारखा गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी घट्ट, तिथले जनुक मुके राहते. जिथे सैल, तिथले वाचता येते. म्हणूनच डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी यांच्यात जनुके तीच असूनही कामे वेगळी. गुंडाळी कुठे घट्ट करायची, कुठे सोडायची, हे दुसरी प्रथिने ठरवतात.

आम्हाला हे उर्दूच्या तासाला चटकन समजले. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरे फळ्यावर लिहा. पेश देऊन वाचले तर मुल्क, जबर आणि जेर देऊन वाचले तर मलिक, दोन्ही जबर दिले तर मलक म्हणजे फरिश्ता. अक्षरे तीच, खुणा बदलल्या की शब्द बदलला. पेशीत या खुणा करणारी आणि पुसणारी प्रथिनेच असतात.

याच विषयावर आपल्या पुण्यात मोठे काम झाले आहे. डॉ. संजीव गलांडे यांनी आधी राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आणि नंतर आयसर संस्थेत सॅटबी-वन या प्रथिनाचा अभ्यास केला. रोगांशी लढणाऱ्या टी-पेशी तयार होत असताना हे प्रथिन डीएनएच्या धाग्याला ठिकठिकाणी पकडून त्याचे फास करते. त्यामुळे लांबलांबचे भाग जवळ येतात आणि कोणते जनुक चालू, कोणते बंद, ते ठरते. डॉ. गलांडे यांना २०१० चा भटनागर पुरस्कार मिळाला.

आता त्या अम्मीच्या प्रश्नाकडे. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. आईच्या पोटातल्या बाळात मात्र बीटाच्या जागी गॅमा साखळ्या असतात. गॅमा आणि बीटा ही जनुके अकराव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत, आणि त्यांच्यापासून दूर एक नियंत्रण-भाग आहे. धाग्याचा फास होऊन तो भाग ज्या जनुकाशी टेकतो, ते जनुक जोरात चालते. आधी तो गॅमाशी टेकलेला असतो. जन्माच्या सुमारास बीसीएल-इलेव्हन-ए नावाचे प्रथिन गॅमाच्या दारात येऊन बसते, गॅमा बंद होते आणि फास बीटाकडे सरकतो. या प्रथिनाची ही कामगिरी २००८ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या शास्त्रज्ञांनी उघड केली.

आमच्या विद्यार्थिनीची दोन्ही बीटा जनुके सदोष आहेत, एक अब्बांकडून आलेले, एक अम्मीकडून. पहिले काही महिने पोटातले जुने गॅमा-हिमोग्लोबिन तिला पुरले. ते ओसरले आणि बीटा काही आले नाही. गॅमाचे चांगले जनुक मात्र आजही तिच्या पेशीपेशीत आहे, फक्त दार लावलेले. आम्ही हे सांगितले तेव्हा तिची अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग ते दार उघडत का नाहीत?"

उघडू लागले आहेत. लाल पेशी बनवणाऱ्या पेशींतच हा पहारेकरी कमी करायचा, अशी जनुक-कात्रीची उपचारपद्धती ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली, पाठोपाठ अमेरिकेतही. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आमच्या मुरुमच्या बाजारातल्या कुठल्या दुकानदाराने कधी ऐकली नसेल अशी रक्कम. शिवाय आधी जड केमोथेरपी घ्यावी लागते. म्हणून आजचा आपला इलाज वेळेवर रक्त आणि साठलेले लोह बाहेर काढणारी औषधे. २०१६ च्या कायद्याने थॅलेसेमिया दिव्यांगत्वात धरला आहे. प्रमाणपत्र काढायला कुचरू नये.

या मुलीचे अब्बा तिच्या अम्मीच्या मामूंचे चिरंजीव. जवळच्या नात्यात एकच सदोष जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते, एवढेच. बाकी हा आजार सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांतही बराच आहे, तेव्हा कुणी कुणाकडे बोट दाखवू नये. वाहक, म्हणजे मायनर, स्वतः ठणठणीत असतो. फार तर रक्त थोडे कमी. आमच्या एका खालांनी वर्षभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या आणि नंतर त्या मायनर निघाल्या. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी बाळ मेजर असण्याची शक्यता चारात एक. हिमोग्लोबिन ए-टू मोजणारी तपासणी एकदाच करावी लागते. साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर आकडा गेला की डॉक्टरांना विचारायचे. सौदी अरेबियात २००४ पासून निकाहआधी ही तपासणी सक्तीची आहे. रिपोर्ट पाहून निकाह करायचा की नाही, ते दोघे ठरवतात.

या मुलीच्या मोठ्या बहिणीच्या रिश्त्याची बोलणी सध्या चालू आहेत, तीही नात्यातच. मुलाच्या दादी आधी नाराज होत्या, "आमच्या पोरात खोट काढता काय?" म्हणाल्या. दोघांचेही रक्त परवा सोलापूरला दिले आहे.