अडुसष्ट लिंगं, बेचाळीस वळणं

सात रस्त्याला सोडा म्हटलं की सोलापुरातला रिक्षावाला दुसरा प्रश्न विचारत नाही. नकाशाचा प्रोग्राम लिहिणारा मात्र तिथेच अडतो. सात रस्ते एका चौकात आले तर वळणं किती? एका रस्त्याने यायचं आणि उरलेल्या सहांपैकी एकाने जायचं, म्हणजे सात सख्खं बेचाळीस. आलो तसंच मागे फिरता येत असेल तर एकोणपन्नास. साध्या चार रस्त्यांच्या चौकात हाच हिशेब बारावर थांबतो. रस्ते पावणेदोनपट झाले आणि वळणं साडेतीनपट. यातल्या प्रत्येक वळणाची वेगळी नोंद ठेवावी लागते, कारण कुठे उजवीकडे वळायला बंदी असते, कुठे एकेरी वाहतूक असते.

आता चौकातून बाहेर पडा. वाटेत वीस चौक आहेत आणि प्रत्येक ठिकाणी सरासरी तीनच पर्याय आहेत असं धरू. मार्गांची संख्या होते ३४८ कोटी ६७ लाख ८४ हजार ४०१. आणि ही झाली जेमतेम शहरातल्या शहरातली फेरी.

तरीही फोन पापणी लवायच्या आत रस्ता दाखवतो, कारण तो हे मार्ग मोजतच नाही. १९५६ साली एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कागद-पेन्सिल हातात न घेता, वीसेक मिनिटांत एक युक्ती काढली. सुरुवातीपासून सगळ्यात जवळचा चौक आधी पक्का करायचा, मग त्याच्या पुढचा. एकदा पक्का झालेला चौक पुन्हा उघडायचा नाही. त्यामुळे काम मार्गांच्या संख्येने वाढत नाही, ते चौकांच्या आणि रस्त्यांच्या संख्येच्या आसपासच राहतं. भौगोलिक माहितीच्या प्रोग्रामिंगचं सगळं कसब माझ्या मते एवढंच आहे: अवाढव्य आकडा समोर दिसला की तो मोजायला बसायचं नाही, त्याला वळसा घालायचा.

अवाढव्य म्हणजे किती, हे बघायला सोलापूरसारखं दुसरं गाव नाही. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी या गावात आणि पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापन केली, असं परंपरा सांगते. संक्रांतीच्या गड्डा यात्रेला सात नंदीध्वज निघतात आणि या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. प्रदक्षिणेचा क्रम परंपरेने ठरलेला आहे, त्यात कुणी ढवळाढवळ करत नाही. पण समजा, कोरी पाटी घेऊन विचारलं की या अडुसष्ट ठिकाणी किती वेगवेगळ्या क्रमांनी जाता येईल?

पहिल्या जागेला अडुसष्ट पर्याय, दुसरीला सदुसष्ट, तिसरीला सहासष्ट, आणि सगळ्यांचा गुणाकार. उत्तर येतं सुमारे २४८ आणि त्यापुढे ९४ शून्यं. सुरुवात कुठूनही केली तरी चालेल आणि सुलटी-उलटी फेरी एकच धरायची, एवढी सूट दिली तरी १८ वर ९३ शून्यं उरतात. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या साधारण १ वर ८० शून्यं एवढी मानतात. सेकंदाला एक लाख कोटी फेऱ्या तपासणारं यंत्र विश्वाच्या जन्माच्या क्षणी, म्हणजे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी, कामाला लावलं असतं, तर आजवर त्याच्या ४ वर २९ शून्यं एवढ्या फेऱ्या झाल्या असत्या. काम संपवायला अशी ४ वर ६४ शून्यं इतकी विश्वं आयुष्यभर राबवावी लागतील.

आणि या सगळ्यांतली सर्वांत छोटी फेरी कोणती, हा प्रश्न आज साधा लॅपटॉप सेकंदाच्या आत अचूक सोडवतो.

गंमत इथे आहे. १९५४ साली डॅन्टझिग, फुल्कर्सन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांची सर्वांत छोटी फेरी सिद्ध करून दाखवली, तीही बहुतांशी हाताने. २००६ साली ८५,९०० ठिकाणांची फेरी सुटली. ती शहरं नव्हती, एका चिपवरचे बिंदू होते. दोन्हीकडे तत्त्व तेच: ज्या फेऱ्या उत्तर असूच शकत नाहीत त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे, एकही न तपासता, बाद करायचे. अडुसष्ट ठिकाणांच्या जोड्या फक्त २,२७८ होतात. एकेरी रस्त्यांमुळे जाण्या-येण्याचं अंतर वेगळं धरलं तर ४,५५६. हा तक्ता एका साध्या स्प्रेडशीटमध्ये मावतो.

अचूक उत्तराचा हट्ट नसेल तर काम आणखी स्वस्तात होतं. कशीही एक फेरी आखा. जिथे दोन सरळ टप्पे एकमेकांना छेदतात तिथे गाठ सोडवा, फेरी नक्की आखडते. अशा गाठी सोडवत राहिलं की विखुरलेल्या बिंदूंवर उत्तर सर्वोत्तमाच्या बरंच जवळ येतं. याहून आळशी आणि मला जास्त आवडणारी युक्ती अटलांटातली आहे. १९८०च्या सुमारास तिथे वृद्धांना घरपोच जेवण देणाऱ्या गाड्यांचे मार्ग बार्थोल्डी आणि प्लॅट्झमन यांनी संगणकाशिवाय बसवून दिले. शहराच्या नकाशावरून एक अशी वेडीवाकडी अखंड रेघ फिरवली की ती जवळपास प्रत्येक जागेला भिडेल. मग प्रत्येक पत्त्याला त्या रेघेवरचा क्रमांक दिला आणि कार्डं क्रमांकाने लावली. लावलेला क्रम हाच मार्ग. नवं घर आलं तर कार्ड योग्य जागी सरकवायचं, कुणी सोडून गेलं तर काढून टाकायचं. अशी फेरी सर्वोत्तमापेक्षा साधारण पंचवीस टक्के लांब निघते. पण अडुसष्ट कार्डं क्रमाने लावायला चारशेच्या आसपास तुलना पुरतात. कुठे चारशे आणि कुठे १८ वर ९३ शून्यं!

दोन दिशांचा नकाशा एका रेघेवर आणायचा हा डाव आजच्या डेटाबेसमध्ये रोज खेळला जातो. सात रस्त्याचा परिसर साधारण १७.६६ उत्तर अक्षांश आणि ७५.९१ पूर्व रेखांशावर आहे. गुस्ताव्हो नीमेयर या ब्राझीलच्या प्रोग्रामरने २००८ मध्ये आणलेल्या जिओहॅश पद्धतीत या दोन आकड्यांची एक ओळ होते. पृथ्वी उभी कापायची, आपण डावीकडे की उजवीकडे ते लिहायचं. मग उरलेला तुकडा आडवा कापायचा, वर की खाली ते लिहायचं. पाच काप झाले की एक अक्षर. सोलापूरची पहिली चार अक्षरं येतात टी, ई, जे, यू. सलग वाचलं तर ‘तेजू’. वीस कापांत अख्ख्या पृथ्वीवरून आपण ३७ बाय १९ किलोमीटरच्या चौकटीत येऊन पोचलो. बारा अक्षरांपर्यंत गेलं तर चौकट दोन बोटांच्या पेरांएवढी होते, आणि पृथ्वीभर अशा चौकटींची संख्या होते ११,५२,९२,१५,०४,६०,६८,४६,९७६. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं एकापासून सुरू होऊन परार्धावर संपतात, म्हणजे १ वर १७ शून्यं. ही झाली साडेअकरा परार्ध. गुगलच्या एस-टू पद्धतीतल्या सर्वांत लहान चौकटी तर ६९ परार्ध आहेत. आठशे-साडेआठशे वर्षांनी परार्ध खरोखर उपयोगी पडला म्हणायचा.

पण रेघेवर बसवताना नकाशा कुठेतरी फाटतोच, आणि सोलापूर नेमकं फाटतं त्या जागी आहे. सात रस्त्यापासून पूर्वेला तीनेक किलोमीटरवरून ७५.९३७५ अंशांची रेषा जाते. तिच्या अलीकडचे पत्ते टी-ई-जे पासून सुरू होतात, पलीकडचे टी-ई-एन पासून. कुंभारीचं रे नगर, जिथल्या पंधरा हजार घरांचं १९ जानेवारी २०२४ रोजी लोकार्पण झालं, ते पलीकडे आहे. या रेषेच्या दोन बाजूंना, दहा पावलांवर राहणारे दोन शेजारी घ्या. वर्णानुक्रमाच्या यादीत त्यांच्या मधे टी-ई-के आणि टी-ई-एम ही अक्षरं असलेला सगळा मुलूख येऊन बसतो. म्हणजे पुणे शहर, अहिल्यानगर आणि बीड! ‘पहिली अक्षरं जुळतात ते जवळचे’ एवढ्यावर विसंबून जवळचं औषधाचं दुकान शोधणारं ॲप रेषेपलीकडचं दुकान दाखवणारच नाही. यावर उपाय साधा आहे. आपल्या चौकटीबरोबर तिच्या भोवतालच्या आठही चौकटी धुंडाळायच्या आणि मग खरं अंतर काढून गाळायचं. साधा आहे म्हणूनच तो करायचा राहून जातो.

आकडे साठवण्यातही असेच खड्डे आहेत. चार बाइटच्या अपूर्णांकात सोलापूरचा रेखांश ठेवला तर तो सलग राहत नाही, पायऱ्यांनी पुढे जातो. पूर्व-पश्चिम एक पायरी सुमारे ८१ सेंटीमीटरची, उत्तर-दक्षिण २१ सेंटीमीटरची. त्याच चार बाइटमध्ये अंशाला एक कोटीने गुणून पूर्णांक ठेवला तर पायरी सेंटीमीटरभराची होते. १८० अंशांचे १८० कोटी होतात आणि चार बाइटमध्ये २१४ कोटी ७४ लाखांपर्यंत मावतं. अगदी बेताने बसणारं हे गणित ओपनस्ट्रीटमॅप वापरतो, आणि त्याच्या नकाशात आज नऊ अब्जांहून जास्त बिंदू आहेत. उलट टोकाला, काही मंडळी अक्षांश पंधरा दशांश स्थळांपर्यंत लिहून ठेवतात. पंधरावं स्थळ म्हणजे एका अणूची रुंदी. ज्या फोनने तो आकडा दिला, त्याची स्वतःची चूक मोकळ्या आभाळाखालीही पाचेक मीटरची असते.

सगळ्यात हमखास घोळ क्रमाचा. आपण अक्षांश आधी बोलतो. जिओजेसन हा फाइलचा प्रकार आणि पोस्टजीआयएस हा डेटाबेस रेखांश आधी मागतात. उलटापालट झाली की सात रस्ता ७५.९१ उत्तर, १७.६६ पूर्व इथे जाऊन पडतो: नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला, बर्फाळ समुद्रात, सोलापूरहून सुमारे ७,२७० किलोमीटर दूर. डेटाबेस याबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण आकडे दोन्ही वैध आहेत. सोलापूरचं काम करताना अक्षांश १४ ते २३ आणि रेखांश ७२ ते ८१ मध्येच हवा, अशी तपासणी तक्त्यालाच बांधून टाकावी. उभा महाराष्ट्र त्यात बसतो.

पोस्टजीआयएसमध्ये ‘सात रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत काय आहे’ हे विचारायच्या दोन तऱ्हा आहेत. एसटी-डिस्टन्सने प्रत्येक नोंदीचं अंतर काढायला सांगून ५०० शी तुलना करायची, ही पहिली. दहा अब्ज बिंदू असतील आणि सेकंदाला एक कोटी अंतरं निघत असतील तर यात जवळपास सतरा मिनिटं जातात. दुसरी तऱ्हा एसटी-डीविदिनची. तिच्यामागे १९८४ साली अँटोनिन गटमन यांनी मांडलेलं आर-ट्री उभं असतं. जवळजवळच्या बिंदूंभोवती आयत, त्या आयतांभोवती मोठे आयत, असं वरपर्यंत. एका पानावर शंभर आयत बसले तर दहा अब्ज बिंदूंना पाच मजले पुरतात. सोलापूरला न शिवणारा आयत दिसला की त्याच्या पोटातली कोट्यवधी ठिकाणं एका तुलनेत संपली. उत्तर दोन्ही तऱ्हांनी एकच येतं, म्हणून पहिली तऱ्हा चाचणीच्या दोनशे नोंदींवर झकास चालते आणि खऱ्या माहितीवर मान टाकते.

गावाबाहेर, शेतात गेलं की आकडे वेगळ्या तऱ्हेने अंगावर येतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटरचा असतो, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा आहे १०१ चौरस मीटर. एक ठिपका, एक गुंठा. कुणी ठरवूनही इतकं जुळवलं नसतं. सोलापूर जिल्हा सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास १५ कोटी ठिपके. दहा मीटरच्या चारच रंगपट्ट्या घेतल्या आणि प्रत्येकी दोन बाइट धरले तर एका फेरीला सव्वा जीबीच्या आत-बाहेर माहिती होते. दर पाच दिवसांनी फेरी, वर्षाला ७३, एकूण ८७ जीबी. एका जिल्ह्याची सगळी शेतं, वर्षभर, खिशातल्या पेनड्राइव्हवर. इथे आकडा भीतीदायक नाहीच, उलट चकित व्हावं इतका लहान आहे.

या माहितीला जमिनीच्या गटाची हद्द जोडली की खरी अडचण सुरू होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभं राहून पिकाचा फोटो टाकतो आणि त्यासोबत अक्षांश-रेखांश जातात. तो बिंदू गटाच्या आत आहे का, हे बघायची रीत सोपी आहे. बिंदूपासून एका दिशेला रेघ ओढा, ती हद्दीला किती वेळा छेदते ते मोजा. विषम वेळा छेदली तर बिंदू आत, सम असेल तर बाहेर. गटाचा आकार कितीही वाकडातिकडा असला तरी हे चालतं.

उपग्रहाच्या ठिपक्याला मात्र बांध कळत नाही. बांधावरच्या ठिपक्यात अर्धी या भावाची ज्वारी आणि अर्धा त्या भावाचा ऊस असतो, आणि त्यांची सरासरी कुठल्याच पिकासारखी दिसत नाही. म्हणून हिशेबाआधी हद्द सगळ्या बाजूंनी एक ठिपका, म्हणजे दहा मीटर, आत ओढून घेतात. चौकोनी एकराची बाजू ६३.६ मीटर. दोन्हीकडून दहा-दहा गेले की ४३.६ उरते, आणि चाळीस गुंठ्यांतले एकोणीसही गुंठे हाती लागत नाहीत. वाटण्या होऊन वीस मीटर रुंदीची पट्टी उरली असेल, तर पट्टी कितीही लांब असो, आत ओढल्यावर उरतं शून्य. मग त्या शेतासाठी एक तर अधिक बारीक ठिपक्याचं, विकतचं चित्र घ्यावं लागतं, नाहीतर कुणीतरी बांधावर जाऊन बघावं लागतं.